मावळचा पाऊस आलेखात मांडताना

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पुण्याकडे निघाले की कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव असा एकेक टप्पा मागे पडताना तो झपाट्याने कमी होत जातो आणि पुण्यात तर सातशेच्या घरात येतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, गार होतात आणि बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच टाकून मोकळे होतात. पलीकडच्या उतारावर द्यायला त्यांच्यापाशी फारसे उरत नाही. मावळात राहणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. पण ग्रामसभेत, पीक विम्याच्या तक्रारीत किंवा शाळेच्या प्रकल्पात अनुभव सांगून भागत नाही. तिथे आकडे लागतात, आणि ते आकडे समोरच्याला एका नजरेत कळावेत म्हणून आलेख लागतो.

शाळा, रोपवाटिका, भातशेतकरी, हौशी निरीक्षक अशा अनेकांकडे पावसाच्या वह्या असतात. वर्षानुवर्षे रोज सकाळी भरलेली अशी वही फार मोलाची असते, पण ती वाचणारा एकटा लिहिणाराच असतो. ही वही फुकट मिळणाऱ्या एका साध्या साधनाने आलेखात कशी आणायची, ते या लेखात पाहू. साधनाचे नाव ग्नूप्लॉट. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ साली ते लिहिले, आणि आजही त्यात भर पडते आहे. ते लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हींवर चालते आणि जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही अडत नाही.

माउसऐवजी लिहिलेल्या आज्ञा कशासाठी?

स्प्रेडशीटमध्ये आलेख करता येतो, आणि एकच आलेख एकदाच करायचा असेल तर तो तिथेच करावा. पण पावसाचा आलेख एकदाच करून संपत नाही. तो दर आठवड्याला नव्या आकड्यांनिशी लागतो, पाच गावांसाठी लागतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागतो. माउसने निवडलेला रंग, ओढून बसवलेली पट्टी, मधेच बदललेले मोजमाप यांची कुठेही नोंद राहत नाही. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरे शिक्षक आले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि त्यांचा आलेख तुमच्या आलेखाशी जुळत नाही.

ग्नूप्लॉटमध्ये प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहावा लागतो. पट्टी शून्य ते तीनशे ठेवायची तर तशी ओळ लिहायची, अतिवृष्टीची रेघ हवी तर तिचीही ओळ लिहायची. या ओळींची फाइल म्हणजे स्क्रिप्ट. आकडे बदलले तरी स्क्रिप्ट तीच राहते आणि एक आज्ञा दिली की नवा आलेख तयार होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आलेख कसा केला हे कुणालाही वाचून तपासता येते. विमा, नुकसानभरपाई, पाण्याचे वाटप अशा विषयांत आलेख मांडायचा असेल तर ही तपासणीची सोय सर्वांत मोलाची आहे.

आधी वही सरळ करा

आलेखातल्या बहुतेक चुका पर्जन्यमापकापाशी आणि वहीतच होतात. म्हणून संगणकाकडे वळण्याआधी चार गोष्टी पाहून घ्या.

पहिली गोष्ट वेळेची. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा मोजणीच्या तारखेवर लिहितात. म्हणजे २० जुलैच्या नोंदीत १९ तारखेच्या दिवसभराचा आणि रात्रीचा पाऊस असतो. तुम्ही ‘कालचा पाऊस’ म्हणून कालच्या तारखेवर लिहीत असाल, तर सरकारी आकड्यांशी तुलना करताना सगळे खांब एका दिवसाने सरकलेले दिसतील. कुठलाही एक रिवाज धरा आणि तो आलेखावर लिहा.

दुसरी गोष्ट मापाची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असेल, तर एक मिलिमीटर पावसाचे त्यात २० मिलिलिटर पाणी जमते. याच हिशेबाने आतली बाटली चार लिटरची असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते आणि त्यापुढचे पाणी वाहून जाते. तळेगावात याची फारशी काळजी नाही. लोणावळ्यात, राजमाचीच्या बाजूला किंवा पवन मावळाच्या पश्चिम टोकाला मात्र भर जुलैत असे दिवस येतात. आलेखात दोन-तीन उंच खांब नेमके एकाच उंचीवर कापल्यासारखे दिसले, तर बाटली ओसंडली असे समजा. त्या नोंदीपुढे ‘किमान’ असा शेरा टाका आणि पुढच्या पावसाळ्यासाठी दहा लिटरची बाटली बसवा.

तिसरी गोष्ट न घेतलेल्या नोंदींची. पाऊस पडला नाही, तर शून्य लिहा. नोंदच घेतली नाही, तर शून्य लिहू नका, तिथे प्रश्नचिन्ह टाका. या दोन्हींची गल्लत झाली की वर्षाची बेरीज खोटी ठरते. शनिवार-रविवार शाळा बंद राहिली आणि सोमवारी एकदम मोजले, तर सोमवारचा आकडा तीन दिवसांचा असतो. तो अंदाजाने तीन दिवसांत वाटू नका. शेऱ्यासह एकत्रच ठेवा, नाहीतर एका दिवसाची अतिवृष्टी म्हणून तो आलेखात मिरवेल.

चौथी गोष्ट जागेची. पर्जन्यमापक पागोळीखाली किंवा झाडाजवळ नसावा. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो ठेवावा.

आकड्यांची फाइल

नोटपॅडसारख्या साध्या लेखन-प्रोग्रामात फाइल उघडा. वर्डची फाइल चालत नाही. प्रत्येक दिवसाची एक ओळ. आधी तारीख, मग एक मोकळी जागा, मग मिलिमीटर. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे फाइल कशीही लावली तरी दिवस क्रमानेच येतात. नमुना असा (हे आकडे केवळ सरावासाठी आहेत, कुठल्याही गावाची नोंद नाहीत):

# गाव: लोणावळा, मोजणी सकाळी ८:३०
२०२५-०७-०१ ४२
२०२५-०७-०२ ११८
२०२५-०७-०३ ०
२०२५-०७-०४ ?
२०२५-०७-०५ ७६

पहिल्या ओळीतल्या चौकटीच्या चिन्हापुढे जे लिहाल, ते ग्नूप्लॉट वाचत नाही. ती जागा माणसांसाठी आहे. गाव, पर्जन्यमापकाचा प्रकार, मोजणीची वेळ, बाटली ओसंडल्याच्या तारखा, हे सारे तिथे लिहून ठेवा. वही हरवली तरी ही माहिती आकड्यांसोबत राहते.

आता एक सूचना. या लेखात सगळ्या आज्ञा आणि फाइलींची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान लिपीत टंकायच्या आणि अंकही इंग्रजीच ठेवायचे. अवतरणचिन्हे, स्वल्पविराम आणि कंस दिसतात तसेच. सेट, प्लॉट, यूझिंग, विथ, बॉक्सेस, लाइन्स, टायटल हे शाळेत शिकलेले इंग्रजी शब्दच आहेत, त्यांचे स्पेलिंग नेहमीचेच. जोडून किंवा तोडून लिहिलेले शब्द येतील तिथे ते कसे टंकायचे ते सांगितले आहे. आलेखावरचा मराठी मजकूर मात्र मराठीतच टंकायचा.

पहिला आलेख

लिनक्सवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूप्लॉट’ ही आज्ञा दिली की साधन बसते. विंडोजसाठी अधिकृत संकेतस्थळावरून नेहमीसारखा इन्स्टॉलर उतरवून घ्या. मग आकड्यांची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जाऊन ग्नूप्लॉट सुरू करा आणि ही ओळ टंका:

प्लॉट 'लोणावळा.डॅट' यूझिंग २ विथ बॉक्सेस

‘यूझिंग २’ म्हणजे दुसरा स्तंभ घे, ‘विथ बॉक्सेस’ म्हणजे खांब काढ. पडद्यावर लगेच आलेख दिसेल. तो ओबडधोबड असेल आणि तारखांच्या जागी ओळींचे क्रमांक असतील, पण चुकून एक शून्य जास्त पडलेला आकडा याच आलेखात पटकन सापडतो. पुढे जाण्याआधी तो दुरुस्त करा.

मग बेरीज जुळवा:

सेट डेटाफाइल मिसिंग "?"
स्टॅट्स 'लोणावळा.डॅट' यूझिंग २

डेटाफाइल हा शब्द जोडून टंकायचा. स्टॅट्स म्हणजे स्टॅटिस्टिक्सचे लघुरूप, टंकायची पाच अक्षरे: एस, टी, ए, टी, एस. ही आज्ञा नोंदींची संख्या, बेरीज, सरासरी, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा सांगते. ती बेरीज वहीतल्या बेरजेशी ताडून पाहा. जुळली नाही, तर कुठलीतरी ओळ सुटली आहे. ही तपासणी तारखांची मांडणी सुरू करण्याआधीच करायची, कारण कालमापनाच्या अवस्थेत ग्नूप्लॉट स्टॅट्स चालवत नाही.

नीट आलेखाची स्क्रिप्ट

आता दुसरी साधी फाइल उघडा, तिला ‘पाऊस.जीपी’ असे नाव द्या आणि यूटीएफ-८ या स्वरूपात जतन करा. तिच्यात पुढच्या ओळी लिहा:

सेट एन्कोडिंग यूटीएफ८
सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइझ १२००,६०० फॉन्ट "नोटो सान्स देवनागरी,१४"
सेट आउटपुट 'लोणावळा.पीएनजी'
सेट डेटाफाइल मिसिंग "?"
सेट एक्सडेटा टाइम
सेट टाइमएफएमटी "%वाय-%एम-%डी"
सेट फॉरमॅट एक्स "%डी/%एम"
सेट एक्सरेंज ["२०२५-०६-०१":"२०२५-०९-३०"]
सेट वायरेंज [०:३००]
सेट वायलेबल "पाऊस (मिमी)"
सेट टायटल "लोणावळा: रोजचा पाऊस, मोजणी सकाळी ८:३०"
सेट स्टाइल फिल सॉलिड
सेट बॉक्सविड्थ ०.८*८६४००
प्लॉट 'लोणावळा.डॅट' यूझिंग १:२ विथ बॉक्सेस टायटल "रोजचा पाऊस", ६५ विथ लाइन्स टायटल "अतिवृष्टी"

फाइल जतन करून ‘ग्नूप्लॉट पाऊस.जीपी’ अशी आज्ञा दिली की त्याच फोल्डरमध्ये चित्र तयार होते. व्हॉट्सॲपवर पाठवा, नाहीतर छापून सूचनाफलकावर लावा.

यातल्या काही ओळी समजून घ्यायला हव्यात. ‘पीएनजीकैरो’ हा शब्द जोडून टंकायचा आणि कैरोचे स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचेच. नुसते पीएनजी लिहिले तरी चित्र निघते, पण मराठी मजकुरातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरे तुटतात. कैरोच्या जोडीने ती नीट बसतात. विंडोजवर फॉन्टच्या जागी ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ लिहा.

‘टाइमएफएमटी’ म्हणजे टाइम या शब्दाला जोडून एफ, एम, टी ही तीन अक्षरे. तारीख फाइलमध्ये कशी लिहिली आहे ते ही ओळ सांगते. इथला वाय मोठ्या लिपीतला हवा, कारण मोठा वाय चार अंकी वर्षासाठी असतो आणि छोटा दोन अंकी. छोटा पडला तर तारखा भलत्याच ठिकाणी जातात. एम आणि डी छोटेच.

सर्वांत जास्त अडवणारी ओळ बॉक्सविड्थची आहे, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू. तारखांच्या आलेखात ग्नूप्लॉट आडवी पट्टी सेकंदांत मोजतो. एक दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद. खांबाची रुंदी नुसती ०.८ लिहिली तर खांब एका सेकंदाहूनही बारीक होतो आणि चार महिन्यांच्या आलेखात केसासारखा दिसतो. म्हणून ०.८ ला ८६,४०० ने गुणायचे. ही ओळ गाळली तर याहून वाईट घडते. रुंदी सांगितली नाही की प्रत्येक खांब शेजारच्या खांबाला टेकेपर्यंत रुंद होतो. मग ज्या दिवसांची नोंदच नाही, त्या दिवसांवरही शेजारचा खांब पसरतो आणि न मोजलेल्या दिवशी पाऊस पडल्याचे चित्र उभे राहते. रुंदी ठरवून दिली की न घेतलेल्या नोंदीची जागा रिकामी राहते, आणि ती रिकामीच दिसायला हवी.

शेवटच्या ओळीतली ६५ ची आडवी रेघ महसूल आणि कृषी खात्याच्या निकषाची आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की राज्यात ती अतिवृष्टी धरतात. हवामान खात्याची वर्गवारी जवळपास तिथूनच सुरू होते. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. लोणावळ्याच्या जुलैच्या आलेखात ६५ ची रेघ पुन्हा पुन्हा ओलांडली जाते. तळेगावच्या आलेखात ती ओलांडणारे खांब मोजकेच असतात, म्हणून तिथे ते जास्त बोलके असतात.

गावांची तुलना: पट्टी एकच ठेवा

वायरेंजची ओळ लिहिली नाही, तर ग्नूप्लॉट आकड्यांना साजेशी पट्टी स्वतः निवडतो. एका गावापुरते ते ठीक. पण लोणावळ्याचा सर्वांत मोठा खांब २४० चा आणि तळेगावचा ४० चा असेल, तर वेगवेगळ्या काढलेल्या दोन आलेखांत दोन्ही खांब सारख्याच उंचीचे दिसतील. शेजारी शेजारी लावलेले ते आलेख पाहून कुणालाही वाटेल की दोन्हीकडे सारखाच पाऊस झाला. मावळात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाणारा पाऊस, आणि तीच अशा आलेखात पुसली जाते. म्हणून सगळ्या गावांसाठी पट्टी एकच ठेवा आणि ती शून्यापासूनच सुरू करा. खांबांच्या आलेखात पट्टी मधूनच सुरू केली की लहान फरकही मोठा भासतो.

अनेक गावांसाठी स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा लिहायची गरज नाही. आउटपुटची आणि प्लॉटची अशा दोन ओळी काढून त्यांच्या जागी हे लिहा:

डू फॉर [गाव इन "लोणावळा कार्ला कामशेत वडगाव तळेगाव"] {
सेट आउटपुट गाव.".पीएनजी"
सेट टायटल गाव
प्लॉट गाव.".डॅट" यूझिंग १:२ विथ बॉक्सेस नोटायटल, ६५ विथ लाइन्स टायटल "अतिवृष्टी"
}

महिरपी कंसातल्या ओळी प्रत्येक गावासाठी एकदा चालतात. पाच फाइली, पाच आलेख, सगळ्यांची पट्टी, रंग आणि तारखा सारख्या. सहावे गाव आले तर यादीत एक नाव वाढवायचे.

आकडे नसलेल्या गावांसाठी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजची नोंद मिळते. पुण्यातल्या हवामान खात्याकडून १९०१ पासूनची देशभराची रोजची नोंद चौकटींच्या स्वरूपात मिळते. ती दीर्घकालीन अभ्यासाला उत्तम. मात्र एक चौकट पाव अंश रुंदीची, म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटरची असते. लोणावळा ते तळेगाव हे सारे अंतर एक-दोन चौकटींतच संपते, त्यामुळे आपल्या तालुक्यातला उतार तिथे जवळजवळ दिसतच नाही. गावातल्या वहीला म्हणूनच पर्याय नाही. मंडळाचा आकडा आणि गावाचा आकडा एकाच आलेखात दोन रंगांत मांडला, तर दोहोंतला फरक कुठल्याही भाषणाविना कळतो.

यंदाचा पाऊस मागच्याशी ताडताना

जूनअखेर हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘गेल्या वर्षी आत्तापर्यंत किती झाला होता?’ याला रोजच्या खांबांपेक्षा एकूण बेरजेची चढती रेघ चांगले उत्तर देते. फाइलमध्ये तिसरा स्तंभ वाढवा आणि त्यात १ जूनपासूनचा कितवा दिवस ते लिहा. १ जुलै म्हणजे ३१, १ ऑगस्ट म्हणजे ६२, १ सप्टेंबर म्हणजे ९३ आणि ३० सप्टेंबर म्हणजे १२२. मग वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, एक्सडेटा टाइमची ओळ न घालता:

सेट एक्सटिक्स ("जून" १, "जुलै" ३१, "ऑगस्ट" ६२, "सप्टेंबर" ९३)
प्लॉट 'लोणा२४.डॅट' यूझिंग ३:२ स्मूद क्युम्युलेटिव्ह विथ लाइन्स टायटल "२०२४", 'लोणा२५.डॅट' यूझिंग ३:२ स्मूद क्युम्युलेटिव्ह विथ लाइन्स टायटल "२०२५"

‘स्मूद क्युम्युलेटिव्ह’ ही जोडी दिवसागणिक बेरीज करत जाते, तुम्हाला ती हाताने करावी लागत नाही. रेघ उभी चढते तिथे झड लागलेली असते, आडवी होते तिथे उघडीप. जुलैच्या सुरुवातीला उघडीप लांबली की भातलावणी खोळंबते. ती आडवी पायरी या आलेखात स्पष्ट दिसते. न घेतलेल्या नोंदी जास्त असतील तर रेघ खऱ्या पावसाच्या खाली राहील, म्हणून किती दिवसांची नोंद नाही ते शीर्षकात लिहाच.

धरणाचा साठा: खांब नकोत, रेघ हवी

पाऊस ही त्या-त्या दिवसाची आवक आहे, म्हणून त्याला खांब शोभतो. धरणातला साठा आज कुठवर आला आहे ते सांगतो, तो कालच्यापासून सलग वाहत आलेला असतो, म्हणून त्याला रेघ. पवना धरणावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते. त्याचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी आहे, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बातम्यांत कधी टीएमसी येते, कधी टक्के, कधी एकूण साठा, तर कधी फक्त उपयुक्त साठा. यातले एकच माप निवडा आणि वायलेबलमध्ये ते पूर्ण शब्दांत लिहा.

रेघेच्या आलेखात एक काळजी घ्या. मधल्या दिवसांच्या ओळीच नसतील तर ग्नूप्लॉट दोन टोके सरळ जोडून टाकतो, आणि न पाहिलेल्या दिवसांचाही साठा जणू मोजला असे दिसते. फाइलमध्ये त्या जागी एक कोरी ओळ सोडा, रेघ तिथे तुटेल.

पाऊस आणि साठा एकाच चित्रात, डावीकडे एक पट्टी आणि उजवीकडे दुसरी, असे मांडायचा मोह होतो. ग्नूप्लॉटला ते जमते, पण दोन पट्ट्या कशा बसवल्या यावर चित्राचा सगळा अर्थ फिरतो. दोन आलेख करा, तारखांची पट्टी दोन्हीत तीच ठेवा आणि एकाखाली एक लावा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळल्यावर धरणाची रेघ कधी उचलते, ते दोन्ही मिळून नीट सांगतात. वळवण, लोणावळा आणि शिरवता ही तळी टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर चालू झाले, ते याच पावसाच्या हिशेबावर.

प्रश्न आधी, रेघ मग

६५ ची रेघ सगळ्या प्रश्नांना लागू पडत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ मावळाची ओळख झाला आहे. हे भात ऑक्टोबरअखेर कापून शेतात पसरलेले असताना वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊसही दाण्याची वाट लावू शकतो. अशा वेळी फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आलेख काढा. वायरेंज शून्य ते पन्नास ठेवा आणि रेघ २.५ वर मारा, कारण हवामान खाते किमान तितका पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणते. कापणीच्या काळात असे सलग किती दिवस आले ते मोजा. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या पट्टीवर हे खांब दिसलेही नसते.

आलेख हातात घेतल्यावर पाच गोष्टी पाहा: गाव आणि वर्ष लिहिले आहे का, मापाचे एकक आहे का, मोजणीची वेळ आहे का, न घेतलेल्या नोंदी रिकाम्या दिसतात का, आणि आकडे कुणाचे आहेत ते सांगितले आहे का. पाचही उत्तरे ‘हो’ असतील तरच तो बाहेर पाठवा. रंग आणि सजावट नंतरची.

आलेख पाठवाल तेव्हा चित्राबरोबर आकड्यांची फाइल आणि स्क्रिप्टही द्या. तिन्ही मिळून काही किलोबाइटच होतात. चित्र पाहून कुणी शंका घेतली तर त्याला स्वतः ते पुन्हा काढून पाहता येईल, आणि तुमची बदली झाली तरी शाळेचे काम थांबणार नाही. ज्या ग्रामपंचायतीकडे, शाळेकडे किंवा शेतकऱ्याकडे जुनी पावसाची वही आहे, त्यांनी या पावसाळ्याआधी तिचे एक तरी वर्ष टंकून घ्यावे. संध्याकाळी थोडा वेळ काढला तरी चार महिन्यांच्या १२२ ओळी आठवडाभरात सहज होतात.